तांबडा-पांढरा रस्सा आणि कोरियातला खरकट्याचा डबा : एका सेवेचं परीक्षण

शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात किंवा रसायनशास्त्रात पीएच.डी. करायची आणि पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) दक्षिण कोरिया गाठायचा, ही वाट कोल्हापुरात आता चांगलीच रुळली आहे. मागोमाग घरची माणसं जातात, काही महिन्यांसाठी आई-वडीलही राहून येतात. बॅगेत कांदा-लसूण मसाला, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी असं सगळं बांधून नेलं जातं. व्हिसा, बँकेचं खातं, भाड्याची खोली यांविषयी विचारावं तितकी माहिती मिळते. मात्र पहिल्या मटणाच्या बेतानंतर सिंकपाशी उभं राहून "आता यातलं काय कुठं टाकायचं?" असा प्रश्न पडतो, त्याचं नीट उत्तर मराठीत सापडत नाही.

म्हणून हे परीक्षण. घरातलं उष्टं-खरकटं वेगळं घेऊन वजनावर पैसे आकारणारं यंत्र, यंत्र नसलेल्या इमारतींसाठीच्या पिशव्या आणि घरात ठेवायची वाळवणी यंत्रं, या तिन्हींचं. पारखताना समोर कोल्हापुरी स्वयंपाक ठेवला आहे, कारण कोरियन भाषेतून इंग्रजीत आलेल्या कचऱ्याच्या याद्यांत नारळाचा चोथा, मिसळीचा कट आणि चहाचा गाळ यांचा विचार नसतो. निकाल आधीच देतो : यंत्राला पाचपैकी साडेचार, पिशव्यांना तीन, वाळवणी यंत्रांना दोन.

ओला म्हणजे खरकटं नव्हे

कोल्हापुरात आपल्याला ओला आणि सुका ही विभागणी अंगवळणी पडली आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यात घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा भाग घातला, पण रोजच्या वापरात दोनच बादल्या. कांद्याची सालं, चहाचा गाळ, अंड्याची टरफलं, मटणाच्या नळ्या, आंब्याची कोय, सगळं ओल्यात, आणि ते कचऱ्याच्या टिपर गाडीत. ज्याचं कुजून खत होतं ते ओलं, ही आपली समज. ती आपल्या व्यवस्थेला धरून बरोबरच आहे.

कोरियातली रेघ दुसऱ्या ठिकाणी आहे. तिथं वेगळ्या घेतलेल्या खरकट्याचा मोठा भाग पशुखाद्याकडे जातो, बाकीचा खत आणि बायोगॅसकडे. म्हणून "हे कुजेल का?" असं विचारून उपयोग नाही, "हे जनावराच्या पोटात जाऊ शकेल का?" असं विचारायचं. गोकुळ दूध संघाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. म्हशीच्या घमेल्यात आपण जे निःशंकपणे ओतू, ते तिथल्या खरकट्याच्या डब्यात, आणि जे ओतताना हात थांबेल, ते साध्या कचऱ्याच्या पिशवीत.

ही कसोटी बहुतेक वेळा चालते, तरी काही ठिकाणी फसते आणि चुका नेमक्या तिथंच होतात. हाडावरून सुटलेलं शिजलं मांस म्हैस खात नाही, पण तिथं ते खरकट्यातच जातं. मक्याचं कणीस आणि त्यावरची पानं आपल्याकडं गुरं आवडीनं खातात, तिथं ती साधा कचरा मानली जातात. कोथिंबिरीची, पातीच्या कांद्याची मुळं आणि लसणाची सालंही तशीच. सुकी, चिवट, धाग्यांची वस्तू प्रक्रिया केंद्रातल्या दळण्याच्या यंत्राला नको असते, आणि तिच्यात जनावराला पोसणारंही काही नसतं.

आता कोल्हापुरी ओट्यावरून एक फेरी मारू. कांदा, लसूण, आलं यांची सालं : साधा कचरा. मिरचीचे देठ आणि काढून टाकलेलं बी : साधा कचरा. चहाचा चोथा, दूध-साखरेत उकळलेला असला तरी : साधा कचरा. करवंटी, नारळाची शेंडी, शेंगांची फोलपटं, चिंचोके, आंब्याची कोय, शेवग्याच्या चावून टाकलेल्या चोयट्या : साधा कचरा. मटणाच्या नळ्या, कोंबडीची हाडं, माशाचे काटे, खेकड्याची कवचं, कोळंबीची सालं, अंड्याची टरफलं : हेही सगळं साध्यातच. रश्श्यातून काढलेली दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलचीची टरफलं लाकडासारखी असतात, त्यांनाही तिकडंच घालावं. देवाची फुलं आणि हार खरकट्यात अजिबात जात नाहीत.

खरकट्यात जातं ते असं : भात, भाकरी, चपाती, वरणातली डाळ, शिजलेली भाजी, बटाटा-दुधी-दोडक्याची सालं, भाजीची नासकी पानं, केळीची सालं, संत्र्याची सालं, कलिंगडाची सालं (बारीक तुकडे करून), आणि पांढऱ्या रश्श्यासाठी वाटलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा पिळून काढलेला चोथा. हा चोथा मऊ असतो, नुसता घट्ट पिळून टाकला की झालं.

मीठ आणि तिखट हा स्वतंत्र मुद्दा आहे. कोरियन लोकांचं जेवणही तिखट-खारट, त्यामुळं व्यवस्थेनं त्याचा विचार केलेला आहे. गोचुजांग (मिरचीची), द्वेनजांग (सोयाबीनची) अशा खारट पेस्ट बऱ्याच विभागांत (शहराच्या प्रशासकीय भागांत) साध्या कचऱ्यात टाकायला सांगतात, आणि किमची (तिखट-मिठात आंबवलेली कोबी) धुऊन, पिळून खरकट्यात. तोच न्याय आपल्याकडे लावायचा. बरणीच्या तळाचं लोणचं, खराब झालेला खर्डा, मसाला ओला होऊन बुरशी आलेला, हे कागदात गुंडाळून साध्या पिशवीत. रश्श्यातलं उष्टं मात्र एकदा पाण्यातून काढून, निथळून खरकट्यात. खाद्यात मीठ जास्त झालं तर ते जनावराला बाधतं, खतात जास्त झालं तर जमिनीला. धुण्याचा त्रास त्यासाठी घ्यायचा.

यंत्र

अपार्टमेंटच्या आवारात कचऱ्याच्या कोपऱ्यात कपाटाएवढं यंत्र उभं असतं. घराला एक कार्ड मिळतं, काही ठिकाणी कार्डाऐवजी इमारत क्रमांक आणि घर क्रमांक दाबायचा. कार्ड टेकवलं की झाकण आपोआप उघडतं, डबा उपडा करायचा, कार्ड पुन्हा टेकवलं की झाकण मिटतं आणि पडद्यावर वजन आणि रक्कम दिसते. पैसे तिथं द्यायचे नाहीत, महिन्याच्या देखभाल बिलात जोडून येतात. दर विभागागणिक बदलतो. सोलच्या अनेक विभागांत तो किलोला सुमारे १३० वॉन आहे, म्हणजे साधारण आठ रुपये.

हिशोब करून पाहा. आठवड्याला चार किलो टाकलं तरी महिन्याला सव्वादोन हजार वॉनच्या आसपास. घर चालवणाऱ्याला ही रक्कम जड नाही. तरीही यंत्र माणसाची सवय बदलतं, कारण आकडा टाकल्या क्षणी डोळ्यांपुढं येतो. काल नऊशे ग्रॅम, आज चौदाशे, म्हणजे आज कुकरभर भात वाया गेला. महिन्याच्या शेवटी येणाऱ्या बिलाला ही ताकद नसते. या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, तर हा लगेच दिसणारा आकडा.

दुसरी मोठी सोय वेळेची. दिवस ठरलेला नाही, गाडीची घंटा ऐकून जिना उतरायचा नाही. रात्री अकरा वाजता जेवण आटोपलं तरी डबा रिकामा करून झोपता येतं. झाकण घट्ट बसतं, म्हणून ऑगस्टच्या उकाड्यातही वास आवारभर पसरत नाही.

अर्धा गुण कापला तो तीन कारणांनी. सूचना बहुतेक ठिकाणी फक्त कोरियन भाषेत असतात. झाकणाची कड, आतली घसरण आणि बटणाचा भाग चिकट होतो, नवखा माणूस हात लावायला कचरतो (एक जुना हातमोजा डब्याजवळ टांगून ठेवावा). आणि कडाक्याच्या थंडीत ओलसर खरकटं डब्याच्या तळाला गोठून बसतं, उपडं केलं तरी सुटत नाही. मग लोक आपटतात आणि डबाच आत पडतो. डबा घरातच ठेवून, टाकायच्या वेळी घेऊन उतरलं की हा प्रश्न उरत नाही. बाल्कनीत डबा ठेवायची आपली सवय तिथल्या जानेवारीत चालत नाही.

यंत्राशी होणारी सगळ्यात मोठी चूक पिशवीची. कॅरीबॅगेत भरून आणलेलं खरकटं पिशवीसकट टाकायचं नसतं. पिशवी उलटी करून रिकामी करायची आणि ती शेजारच्या वेगळ्या डब्यात. दुसरी चूक खास आपली : बादलीच्या तळाला वर्तमानपत्र घालायचं. कोल्हापुरात ते शहाणपणाचं आहे, खत होताना कागदही कुजतो. तिथं कागद, टिश्यू, टूथपिक, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, यांतलं काहीही खरकट्यात चालत नाही. सिंकच्या जाळीवर चढवायची पातळ नायलॉनची टोपी तिथं स्वस्तात मिळते. ती झटकून खरकटं वेगळं करायचं, टोपी साध्या कचऱ्यात. आणि डबा उपडा करताना आतला चमचा जातो. तो परत मिळत नाही, पुढं प्रक्रियेच्या यंत्रात अडथळा करतो ते निराळंच.

सिंकपाशीचं काम

स्वयंपाकघरातल्या खरकट्यात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. निम्मी लढाई निथळण्याची आहे, आणि ती चिरण्याच्या पाटावरच सुरू होते.

नळ सोडायच्या आधी चिरून घ्या. पाटाशेजारी दोन ताटल्या ठेवा. एकीत कांद्या-लसणाची सालं, देठ, मुळं, ही थेट साध्या कचऱ्याच्या पिशवीत. कोरडी असल्यानं त्यांना वास येत नाही, आठवडाभर पडून राहिली तरी बिघडत नाही. दुसरीत भाज्यांची सालं आणि पानं, ती कोरडीच खरकट्याच्या डब्यात. आपण सगळं सिंकमध्ये सोलतो, वर पाणी सोडतो आणि मग त्या भिजलेल्या गोळ्यातून सालं वेचत बसतो. कोरियन घरांत सिंकला खोल जाळीचं भांडं असतं, ते भरू देऊच नये. तिथं साचलं की उन्हाळ्यात एका रात्रीत बारीक माश्या होतात.

उष्ट्यासाठी बारीक भोकांची स्टीलची चाळणी लागते. ताटातलं चाळणीत, रस्सा खाली पातेल्यात. मसाला दाट असेल तर तांब्याभर पाणी वरून ओता, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या, मग पळीच्या पाठीनं दाबा. भात दाबल्यावर चिकट होतो, म्हणून भात आणि भाजी वेगवेगळी निथळावी. वरणाचा गाळ चाळणीतून निसटतो, त्याला मलमलचा फडका बरा.

आता पातेल्यात उरलेला रस्सा. तो तसाच सिंकमध्ये ओतू नका. मटणाची चरबी थंड झाली की घट्ट होते आणि पाइपच्या आतल्या अंगाला थर धरते. कोरियातल्या हिवाळ्यात हे फार लवकर होतं आणि भाड्याच्या खोलीत तुंबलेल्या पाइपचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची पापडी जमलेली असते, ती उचलून कागदात गुंडाळून साध्या कचऱ्यात. खालचं पाणी गाळून, वर भरपूर पाणी सोडून सिंकमध्ये. मिसळीचा कट यानं सुटत नाही, कारण तेल फ्रीजमध्येही पातळच राहतं. त्याला किचन पेपरनं वरच्या वर टिपून घ्यायचं. तळणीचं तेल उरलं तर अपार्टमेंटच्या आवारात वापरलेल्या खाद्यतेलाचा वेगळा पिंप बहुधा असतो, गार करून, गाळून तिथं ओतायचं.

नळ्यांचं काय करायचं, हा कोल्हापूरकरांचा हमखास प्रश्न. एक किलो मटणाच्या बेतात पाव किलोच्या पुढंच हाडं निघतात, आणि साध्या कचऱ्याची २० लिटरची पिशवी भरायला छोट्या कुटुंबाला बरेच दिवस लागतात. तोवर हाडांचा वास सुटतो. उपाय सोपा : मटणाच्या आठवड्यात ५ लिटरची पिशवी घ्या. हाडावरचं मांस सोडवून ते खरकट्यात टाका, हाडं धुऊन कोरडी करा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पिशवी त्याच रात्री बाहेर. गुंडाळणं टाळू नका, तुटलेल्या नळीचं टोक पिशवी फाडतं.

डबा दोन लिटरचा पुरे. मोठा घेतला की भरेपर्यंत थांबायचा मोह होतो. प्लास्टिकला हळदीचा डाग आणि वास कायमचा बसतो, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा कोल्हापुरातूनच घेऊन जावा, चाळणी आणि फडकाही. बॅगेत एकात एक बसतात. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत रोज, हिवाळ्यात दिवसाआड खाली न्यायचं.

पिशव्या, आणि त्यांना तीनच गुण का

पोस्टडॉकचं सुरुवातीचं घर बहुधा विद्यापीठाजवळची एक खोली किंवा तीन-चार मजली छोटी इमारत असते, आणि तिथं यंत्र नसतं. मग विभागाच्या अधिकृत पिशव्या घ्याव्या लागतात. पिशवीच्या किमतीतच कचरा उचलण्याचं शुल्क धरलेलं असतं. खरकट्याची पिशवी १ किंवा २ लिटरपासून मिळते, साध्या कचऱ्याची त्याहून मोठ्या मापांत. सोलमध्ये साध्या कचऱ्याची २० लिटरची पिशवी सुमारे ४९० वॉनला आहे. दुकानाच्या मांडणीवर शोधू नका, काउंटरच्या मागं ठेवलेल्या असतात, मागून घ्याव्या लागतात. खरकट्यासाठी "उम्शिंगमुल बोंगतू", साध्यासाठी "इल्बान बोंगतू" म्हणायचं आणि किती लिटरची ते बोटांनी दाखवायचं. मोठ्या मार्टमध्ये सामान भरायला जी पुन्हा वापरण्याजोगी पिशवी विकतात, तीच पुढं साध्या कचऱ्याला चालते. कॅरीबॅगेचे पैसे वाचतात.

काही विभागांत पिशवीऐवजी छोटी बादली आणि तिच्यावर लावायचं स्टिकर किंवा चिप असते. घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा : यंत्र, पिशवी की स्टिकर? पाठोपाठ दुसरा प्रश्न : कोणत्या वारी, किती वाजल्यापासून, कुठल्या कोपऱ्यात? बहुतेक विभागांत अंधार पडल्यावरच ठेवायचं असतं आणि शनिवारी रात्री ठेवलेलं रविवारी कुणी उचलत नाही.

गुण कापण्याचं पहिलं कारण गळती. खरकट्याची पिशवी पातळ असते, रश्श्याचं पाणी राहिलं की गाठीतून पाझरतं आणि जिन्यावर लाल ठिपके पडतात. शेजाऱ्यांशी पहिला खटका इथंच उडतो. दुसरं कारण मांजरं. माशाच्या वासानं ती पिशवी फाडतात आणि सकाळी रस्ताभर पसारा. तिसरं, इथं वजनाचा आकडा दिसत नाही, पिशवी ठासून भरण्याकडं कल जातो, आणि यंत्रामुळं जी शिस्त येते ती येत नाही. पिशवीच वापरायची असेल तर निथळण्यात अजिबात कसूर करू नका, तीन-चतुर्थांशच भरा, हवा काढून गाठ मारा.

चुकीचा कचरा आढळला की गाडीवाले पिशवी तिथंच सोडतात आणि तिच्यावर कारणाची चिठ्ठी चिकटवतात. अनधिकृत पिशवीत किंवा भलत्या जागी टाकलं तर प्रकरण दंडावर जातं. कायद्यात दहा लाख वॉनपर्यंत दंडाची तरतूद आहे. कचऱ्याच्या कोपऱ्यांवर कॅमेरे असतात आणि पिशवीतल्या पार्सलच्या पत्त्यावरूनही माणूस शोधतात. भाषा येत नव्हती, हे कारण तिथं ऐकून घेतलं जात नाही.

इतकी काटेकोर शिस्त कुठून आली

सोलचा कचरा १९७८ ते १९९३ या काळात हान नदीकाठच्या नान्जीदो इथं टाकला जात होता. तिथं जवळपास १०० मीटर उंचीचे दोन डोंगर उभे राहिले. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी त्यांवर माती टाकून उद्यानं केली. १९९५ मध्ये देशभर पिशवीवर पैसे मोजण्याची पद्धत आली. २००५ पासून खरकटं थेट जमिनीत गाडायला बंदी झाली. तरीही प्रक्रियेत निघालेलं घाण पाणी समुद्रात सोडलं जात होतं, ते २०१३ मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी खरकट्यावर मापानुसार शुल्क देशभर लागू झालं. आज तिथलं ९५ टक्क्यांच्या आसपास खरकटं पुन्हा वापरात येतं. २०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर या डुकरांच्या साथीच्या रोगाच्या धास्तीनं घरगुती उष्टं थेट डुकरांना घालण्यावर निर्बंध आले, त्यामुळं तापवून प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांचं महत्त्व आणखी वाढलं.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या लाईन बझारला महापालिकेच्या झूम कचरा प्रकल्पावरचा ढीग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नान्जीदो समजावून सांगावं लागत नाही. तो ढीग साचतो तो मिसळल्यामुळं. ओल्यात प्लास्टिक आणि सुक्यात आमटी गेली की दोन्ही निकामी. कोरियानं यावर घरापासून उपाय केला, आणि त्यासाठी प्रत्येक स्वयंपाकघराकडून रोज पाच मिनिटं मागितली. ही मागणी रास्त आहे, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

वाळवणी यंत्रं

कोरियात ही यंत्रं घराघरांत विकली जातात, किंमत काही लाख वॉनच्या घरात. एक प्रकार उष्णतेनं वाळवून भुगा करणारा, दुसरा जिवाणूंनी कुजवणारा. काही विभाग खरेदीवर अनुदानही देतात. वाळवल्यावर एक किलोचं दोन-अडीचशे ग्रॅम होतं, हा दावा खरा आहे, कारण पाणीच उडवायचं असतं.

कोल्हापुरी जेवणाशी मात्र दोन्हींचं पटत नाही. उष्णतेच्या यंत्रात मसाल्याचं उष्टं तापलं की मिरचीचा ठसका घरभर फिरतो आणि कोळशाचा फिल्टर लवकर संपतो, तो बदलण्याचा खर्च वेगळा. भाकरी आणि भात एकत्र गेले की पात्यांभोवती कडक वडी बसते, ती भिजवून सोडवावी लागते. जिवाणूंच्या यंत्राच्या माहितीपत्रकातच फार तिखट, फार खारट, फार तेलकट घालू नका असं लिहिलेलं असतं. म्हणजे आधी धुवा, निथळा, मग घाला. एवढं केल्यावर खाली जाऊन डबा रिकामा करणं सोपं. आवारात यंत्र असेल तर हा खर्च करू नये. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि घरात वयस्कर माणसं असतील, तरच उष्णतेचं छोटं यंत्र विचारात घ्यावं.

सिंकखाली बसवायचं दळणी यंत्र भाड्याच्या घरात घेऊच नका. प्रमाणित यंत्रालाच परवानगी आहे, आणि त्यातही दळलेल्यापैकी ८० टक्के घन भाग अडवून बाहेर काढावा लागतो, फार तर २० टक्के गटारात जाऊ शकतो. अडवणारा भाग काढून टाकून विकलेलं यंत्र बेकायदा ठरतं.

कोरियाहून पुढं युरोपात जाणाऱ्यांसाठी थोडंसं : ही सवय तिकडं जशीच्या तशी नेऊ नका. इंग्लंडमध्ये खरकट्याच्या डब्यात हाडं, अंड्याची टरफलं, चहाचा गाळ सगळं घेतात, कारण तिथं ते बहुतांशी बायोगॅसकडं जातं. जर्मनीतल्या जैविक कचऱ्याच्या डब्यात कांद्याची सालं आणि चहा-कॉफीचा गाळ चालतो, शिजलेल्या मांसाबद्दल मात्र गावागणिक नियम निराळे.

कोरियातल्या कोरियातही नियम विभागागणिक थोडे बदलतात, म्हणून घर बदललं की यादी नव्यानं विचारायची. पिशव्यांवर विभागाचं नाव छापलेलं असतं, जुन्या विभागाच्या पिशव्या नव्या ठिकाणी उचलत नाहीत. उरलेल्या फेकू नका. पत्ता बदलल्याची नोंद करायला विभागाच्या नागरी कार्यालयात जावंच लागतं, तेव्हा सोबत न्या आणि त्यांच्यावर लावायची स्टिकरं मागा. ती बऱ्याच ठिकाणी देतात आणि मग जुन्या पिशव्या चालतात. यंत्राचं कार्ड मात्र जुन्या इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयात परत करून, नव्या घराचं कार्ड किल्लीसोबतच मागून घ्या. तिथला पहिला बेत साध्या वरण-भाताचा ठेवला तर कार्ड मिळेपर्यंत एक-दोन दिवस काढता येतात.